तलवार नंतर आली

कोरमंगलातल्या मराठी मंडळींच्या एका बैठकीत परवा एका वक्त्यांनी एक वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. वाक्य असं: ख्रिस्ती धर्म हा रोमन सम्राटाने जन्माला घातलेला आणि रोमन तलवारीने पोसलेला धर्म आहे; राजाश्रय मिळेपर्यंतची त्याची तीनशे वर्षं म्हणजे चार-दोन कोळ्यांची कुजबुज. जोडीला नेहमीचा मसाला होताच. निकियाच्या परिषदेत हात वर करून येशूला देव केलं, बायबल तिथेच कापून-जोडून तयार झालं, गोरगरिबांना सेवेच्या आमिषाने ओढलं, आणि भारतात हे सगळं पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलं. वक्ते वाचलेले आहेत, बोलणं सफाईदार आहे, म्हणूनच उत्तर द्यायला हवं. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांना कोण उत्तर देत बसतं?

मी ख्रिस्ती नाही. आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. मूळची ती केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या सासष्टीतून तिला नदीपलीकडे अंत्रुजात न्यावं लागलं, ही हकीकत आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले आहे. तेव्हा चर्चची वकिली करायला मी बसलेली नाही. उलट वक्त्यांच्या सोयीसाठी स्वतःवर एक अट घालून घेते. साक्षीदार शक्यतो ख्रिस्त्यांच्या विरोधकांतलेच घ्यायचे. ज्यांनी त्यांना पकडलं, छळलं, त्यांची टिंगल केली आणि शेवटी जे चडफडत राहिले, त्यांचेच कागद काढायचे.

पहिला साक्षीदार प्लिनी. इ.स. 111-112 च्या सुमाराला तो बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार होता, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या पट्ट्याचा. सरळ, कामसू आणि जरा धास्तावलेला अधिकारी. निकोमेडिया शहरात आगीचे बंब चालवायला एक पथक उभारू का, हेसुद्धा त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं (ट्राजन नको म्हणाला; माणसं एकत्र आली की राजकारण करतात, अशी त्याला भीती). याच पत्रव्यवहारात ख्रिस्त्यांबद्दलचं ते प्रसिद्ध पत्र आहे. त्याच्यापुढे निनावी यादी आली होती, त्यात पुष्कळांची नावं होती. त्याने एकेकाला तीन-तीनदा विचारलं, हट्ट सोडेनात त्यांना मृत्युदंड दिला, रोमन नागरिक होते त्यांना रोमला धाडलं. काहींनी ट्राजनच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहिलं, ख्रिस्ताला शिव्या दिल्या आणि सुटले. ज्यांनी हा नाद पूर्वीच सोडला होता त्यांच्याकडून त्याला कळलं ते इतकंच: ठरावीक दिवशी पहाटे जमायचं, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचं, चोरी, व्यभिचार आणि ठेव बुडवणं करणार नाही अशी शपथ घ्यायची, मग साधं जेवण. प्लिनीचा विश्वास बसेना. त्याने दोन गुलाम बायकांना यातना देऊन विचारलं. या दोघी त्या मंडळीत सेविका म्हणून काम पाहायच्या. त्यांच्याकडूनही त्याला कारस्थान मिळालं नाही, एक बेताल अंधश्रद्धा तेवढी मिळाली. हे त्याचंच मत.

आता या पत्रातली बाजारातली ओळ बघा. देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, असं हा सुभेदार सांगतो. आता कारवाई केल्यावर पुन्हा थोडा उठाव दिसतोय, असंही. हा रोग शहरांपुरता नाही, खेड्यापाड्यांत आणि शेतावस्त्यांत पसरलाय. सर्व वयांची, सर्व थरांची माणसं, पुरुष आणि बायका, यात आहेत. सुभेदार आपल्या कारवाईचं महत्त्व वाढवून सांगत असेल, हे गृहीत धरू. निम्मं वजा करू. तरी खाटकाच्या धंद्यावर परिणाम दिसावा इतकी माणसं इ.स. 112 ला एका दूरच्या प्रांतात होती. राजाश्रय देणारा सम्राट कॉन्स्टंटाईन जन्मायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती. या काळात त्या लोकांपाशी ना सैन्य, ना कचेरी, ना मालकीची एखादी सार्वजनिक इमारत. होती ती पहाटेची स्तोत्रं आणि ठेव न बुडवण्याची शपथ.

आणखी एक गोष्ट, जी वक्त्यांच्या नजरेतून सुटली असावी. निकिया हे गाव याच बिथिनियात आहे. ज्या परिषदेत 325 साली येशूला म्हणे देव ‘करण्यात आलं’, त्याच प्रांतात 213 वर्षं आधी एक बिगर-ख्रिस्ती अधिकारी लिहून ठेवतो की हे लोक त्याला देव मानून गातात. रोमच्या पॅलाटाईन टेकडीवर भिंतीवर कोरलेलं एक टवाळ चित्रही आहे, साधारण इ.स. 200 च्या आगेमागचं: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, शेजारी हात उंचावलेला एक मुलगा, आणि खाली लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय. कुणा टारगट सोबत्याने त्या बिचाऱ्याची खोडी काढली आहे. देव म्हणून भजतच नव्हते, तर टिंगल कशाची केली?

दुसरा साक्षीदार सेल्सस. याने 178 च्या सुमाराला ख्रिस्त्यांविरुद्ध आख्खा ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला. ख्रिस्ती विद्वान ऑरिजेनने सत्तरेक वर्षांनी त्याचं खंडन करताना त्यातले उतारे दिले, त्यातून तो आपल्याला वाचायला मिळतो. (आपल्या शत्रूचं पुस्तक खंडनातून जपून ठेवण्याची ही चांगली रीत होती.) सेल्ससची तक्रार ऐकताना मला त्या बैठकीतलंच कुणी बोलतंय असं वाटलं. हे लोक लोकर पिंजणारे, चांभार, परीट; अडाणी. घरमालक आणि पंतोजी समोर असले की चिडीचूप, आणि ते बाहेर गेले की बायकांना, पोरांना कोपऱ्यात घेऊन भुलवतात; म्हणतात, बापाचं ऐकू नका, आमच्या दुकानात या, तिथे खरं काय ते सांगतो.

बायकापोरांना भुलवतात, खालच्या लोकांना ओढतात, घर फोडतात. ही फिर्याद साडेअठराशे वर्षांची आहे, आणि ती झाली तेव्हा परदेशी देणग्या नव्हत्या, मिशनऱ्यांच्या शाळा नव्हत्या, कुठल्याही सरकारचा पाठिंबा नव्हता. उलट सरकार मारत होतं. म्हणजे तक्रारीचं मूळ कारण वेगळं आहे. ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं त्याला कुणीतरी पंगतीला बसवलं, याचा तो राग आहे. सेल्सस सुशिक्षित, वरच्या थरातला माणूस होता; त्याला परटाच्या दुकानात तत्त्वज्ञान चालतं हेच सहन होत नव्हतं.

मधल्या छळाबद्दल मात्र चर्चच्या व्यासपीठावरूनही अतिशयोक्ती ऐकू येते. तीनशे वर्षं रोज सिंह सुटत होते असं मुळीच नाही. हुतात्मे थोडे आणि मोजता येण्यासारखे, असं खुद्द ऑरिजेन लिहून गेला आहे. रोममध्ये 64 साली नीरोने ख्रिस्त्यांवर आगीचा ठपका ठेवून त्यांना हाल हाल करून मारलं. नंतर बराच काळ छळ स्थानिक आणि लहरीवर अवलंबून राहिला. साम्राज्यभर एकच फतवा निघाला तो थेट सम्राट डेसियसच्या काळात, 249-250 ला. प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला सरकारी समितीकडून घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर सापडले आहेत. ठराविक मजकूर: मी नेहमीच देवांची पूजा करत आले, आता तुमच्यासमोर नैवेद्य दाखवला, प्रसाद चाखला, तरी सही करावी ही विनंती. त्यातला एक दाखला ऑरेलिया अम्मोनूस या बाईचा आहे, जी पेतेसूखोस या मगरदेवाची पुजारीण होती. मगरदेवाच्या पुजारणीलाही आपण देव मानतो याचा दाखला काढावा लागला! सरकारी खातं एकदा कागद मागायला लागलं की कुणाला सोडत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या दाखल्यांपुढे पुष्कळ ख्रिस्ती वाकले. कुणी पैसे देऊन खोटे दाखले मिळवले. तरी संख्या आटली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्कने 1996 च्या पुस्तकात एक हिशेब मांडला: इ.स. 40 ला हजारभर माणसं धरली आणि दर दहा वर्षांनी 40 टक्के वाढ धरली, तर इ.स. 300 ला आकडा साठ लाखांच्या घरात जातो, म्हणजे सहा कोटींच्या साम्राज्यात दहातला एक. अमेरिकेतला मॉर्मन पंथ साधारण याच वेगाने वाढला, हेही त्याने दाखवलं. हे अंदाज आहेत, शिरगणती नाही. काही इतिहासकारांना ते जास्त वाटतात. पण या वाढीला चमत्कारही लागत नाही आणि सम्राटही लागत नाही, एवढं त्यातून निश्चित होतं. नातेवाईक, शेजारी, सोबतचे कारागीर, असं करत करत माणसं येत गेली. सेल्ससचं चांभाराचं दुकान इथे कामाला येतं.

तिसरा साक्षीदार गॅलेरियस, सर्वांत मोठा, कारण तो स्वतः सम्राट आहे. 23 फेब्रुवारी 303 ला सम्राट डायोक्लेशियनच्या माणसांनी निकोमेडियातलं चर्च पाडून शेवटच्या मोठ्या छळाला सुरुवात केली. ते चर्च राजवाड्यातून दिसत होतं! चार-दोन कोळ्यांची कुजबुज राजधानीत राजवाड्यासमोर इमारत बांधून बसली होती. या छळामागचा खरा कडवा माणूस हा गॅलेरियसच. आठ वर्षं त्याने पुस्तकं जाळली, माणसं खाणीत धाडली, आणि 30 एप्रिल 311 ला मरणशय्येवरून आज्ञापत्र काढलं की हे लोक ऐकत नाहीत; त्यांना त्यांच्या सभा भरवू द्या, आणि त्यांनी आपल्या देवापाशी साम्राज्यासाठी प्रार्थना करावी. काही दिवसांत तो वारला. कॉन्स्टंटाईनची मिल्व्हियन पुलावरची लढाई 312 ची, मिलानचा करार 313 चा. म्हणजे हत्यार आधी खाली ठेवलं ते ख्रिस्त्यांच्या सर्वांत कट्टर शत्रूने, आणि तेही हरून. कॉन्स्टंटाईनने जिंकणारा पक्ष ओळखला असं म्हणा हवं तर. पक्ष त्याने काढला नाही. शिवाय मिलानच्या कराराने धर्मस्वातंत्र्य सगळ्यांनाच दिलं होतं. कॉन्स्टंटाईनच्या नाण्यांवर सूर्यदेव पुढे दहा-बारा वर्षं झळकत राहिला आणि बाप्तिस्मा त्याने 337 ला मरता मरता घेतला.

निकियाची मतदानाची कथा बहुतेकांनी 2003 च्या एका अमेरिकन कादंबरीतून उचललेली आहे, ‘द दा विंची कोड’मधून. रहस्यकथा म्हणून वाचा, मजा येते. परिषदेपुढचा प्रश्न पुत्र आणि पिता यांचं नातं नेमकं कसं सांगायचं, हा होता. आरियस हा धर्मगुरू म्हणायचा, पुत्र निर्माण केलेला आहे. येशू देव की साधा माणूस, हा वाद तिथल्या दोन्ही पक्षांत नव्हता. जमलेल्या तीनेकशे बिशपांत शेवटपर्यंत दोघांनी आपला नकार कायम ठेवला. तिथे झालेले 20 नियम उपलब्ध आहेत. त्यात पाद्र्यांच्या शिस्तीचे, धर्मभ्रष्टांना परत घेण्याचे नियम आहेत, बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आज मान्य असलेली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 च्या पत्रात येते, आणि चार शुभवर्तमानं त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी बिशप आयरेनियसला ठरलेली दिसतात.

यापेक्षा गमतीची गोष्ट पुढेच आहे. सम्राटाने सिद्धांत लादला म्हणता? निकियाच्या बाजूने लढणाऱ्या याच अथनेशियसला चार सम्राटांनी मिळून पाच वेळा हद्दपार केलं. पहिला हद्दपार करणारा खुद्द कॉन्स्टंटाईन. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस उघडपणे दुसऱ्या पक्षाला होता. कॉन्स्टंटाईनला बाप्तिस्मा देणारा निकोमेडियाचा युसेबियस हा आरियसचा पाठीराखा. पन्नासेक वर्षं राजसत्ता बहुतांशी हरणाऱ्या बाजूने होती. ज्यांना निकियात सरकारी कारस्थान दिसतं, त्यांनी कारस्थान कुणी कुणाविरुद्ध केलं हे आधी ठरवावं.

आपल्याकडे तर याच्याही पुढे जाऊन बसलेली मंडळी आहेत. बाबाराव सावरकरांनी ख्रिस्ताला हिंदू ठरवणारं पुस्तक लिहिलं, पु. ना. ओकांनी अख्खं ख्रिस्ती विश्व कृष्णभक्तीतून काढलं. एकाच कपाटात एका बाजूला ‘येशू आमचाच’ आणि दुसऱ्या बाजूला ‘येशू रोमन बनावट’ अशी दोन्ही पुस्तकं सुखाने नांदतात. दोन्हीपैकी एक तरी खोटं असलंच पाहिजे, दोन्हीही असू शकतात. पण वाचणाऱ्याला त्याची अडचण होत नाही, कारण त्याला येशूशी कर्तव्य नाही, हिशेब चुकता करायचा आहे.

आता आमिष. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण मी राहते तिथून सेंट जॉन्स हॉस्पिटल फार लांब नाही आणि वक्त्यांनी हात त्याच दिशेला केला होता. कॅथलिक बिशपांच्या परिषदेचं हे मेडिकल कॉलेज 1963 मध्ये सुरू झालं. कधीही सकाळी बाह्यरुग्ण विभागाकडे जा. एक्स-रेचे मोठे लिफाफे छातीशी धरलेले म्हातारे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्यावरून पदर घेतलेल्या आंध्रातल्या बायका, बुरख्यातल्या आई-मुली, बंगालीत फोनवर पैशांची जुळवाजुळव सांगणारी माणसं. इतक्या वर्षांत इथून बरे होऊन गेलेल्यांतले बहुतेक जण आपापल्या देवांसकट घरी गेले. गुरुवारी विवेकनगरला बाळ येशूच्या चर्चबाहेर मेणबत्त्या घेऊन रांगेत असलेल्या कुंकू लावलेल्या बायका पाहा. शनिवारी त्यातल्याच काही मारुतीला तेल घालतात. सेवा मिळाली की माणूस धर्म बदलतो हे गणित खरं असतं, तर आमच्या वस्तीचा नकाशा वेगळा दिसला असता.

तरी रोमकडे वळू, कारण तिथे या आरोपाचा सर्वांत प्रामाणिक फिर्यादी आहे. सम्राट ज्युलियन, 361 ते 363. ख्रिस्ती घरात वाढून जुन्या देवांकडे परतलेला, हुशार, तळमळीचा. गॅलेशियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेलं म्हणून त्याचं एक पत्र जपलं गेलं आहे. काही विद्वान त्याच्या अस्सलपणावर शंका घेतात, बहुतेक जण ते मानतात. त्यात तो कळवळून म्हणतो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून काही मिळत नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मग हुकूम: शहरोशहरी धर्मशाळा काढा. त्यासाठी त्याने वर्षाला 30,000 मोदी धान्य आणि 60,000 सेक्स्टारी मद्य (ही रोमन मापं) मंजूर केलं. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या हाताखालच्या गरिबांना, उरलेलं वाटसरू आणि भिकाऱ्यांना.

ज्युलियनने रुग्णशुश्रूषेवर बंदी घातली नाही, अनाथ पोसणं हा गुन्हा ठरवला नाही. आपल्या पुजाऱ्यांना तेच करा म्हणाला. आपल्याकडच्या टीकाकारांत आणि त्याच्यात हा फरक आहे. आणि ही सेवा सम्राटाच्या पैशावर सुरू झालेली नव्हती, हे दाखवायला माझी अट मोडून एक ख्रिस्ती कागद घेते, कारण तो जमाखर्चाचा आहे. रोमचा बिशप कॉर्नेलियस 251 मध्ये, म्हणजे डेसियसच्या छळाची राख अजून गरम असताना, आपल्या चर्चची यादी देतो: 46 धर्मगुरू, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 सहायक, 52 इतर सेवक, आणि दीड हजारांहून जास्त विधवा व गरजू, ज्यांचं पोट मंडळी भरते. बेकायदा संघटनेचा हा पसारा! या विधवांपैकी काही पोटासाठी आल्या असतील. जरूर आल्या असतील. पण ज्या समाजात इ.स.पूर्व 1 मध्ये हिलारिओन नावाचा मजूर गरोदर बायकोला मायेने पत्र लिहितो आणि त्याच पत्रात मुलगी झाली तर टाकून दे असं सहज सांगतो (पत्र इजिप्तमध्ये सापडलं आहे), तिथे टाकलेली पोर उचलणाऱ्याच्या हेतूबद्दल आधी प्रश्न विचारायचे की टाकणाऱ्याला?

राहिलं पोर्तुगिजांचं गलबत. हे तर आपल्या ठाणे-कल्याणच्या माणसाने मुळीच ऐकून घेऊ नये. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा रोममध्ये तिबेरियस सम्राट होता, आणि त्याच्या काळची चांदीची रोमन नाणी इथे बेंगळुरात यशवंतपूरला 1891 मध्ये सापडली. समुद्र खुला होता, व्यापार जोरात होता. कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेले खांब आहेत, कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दानशूर आहेत. आणि 550 च्या सुमाराला कॉस्मास हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला, लिहितो की मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे आपलं कल्याण. काहींना ते उडुपीजवळचं कल्याणपूर वाटतं. कुठलंही धरा, वास्को द गामा यायला साडेनऊशे वर्षं बाकी आहेत.

आणि बिशप इराणातून आला, रोममधून नाही, हे नीट बघा. ‘रोमन तलवारीचा धर्म’ या वाक्याची कंबर इथे मोडते. रोमच्या सम्राटाने ख्रिस्ती धर्म उचलला, याचा इराणातल्या ख्रिस्त्यांना फायदा झाला नाही, फटका बसला. शापूर दुसरा हा इराणचा बादशहा; रोम त्याचा हाडवैरी. त्याला हे सगळे कैसरचे हेर वाटायला लागले. 340 च्या दशकात त्याने त्यांच्यावर दुप्पट कर बसवला, बिशप सिमोनने तो गोळा करून द्यायला नकार दिला, आणि मग कत्तली झाल्या. तरी ते चर्च टिकलं, 424 ला पश्चिमेकडे दाद मागायची नाही असं ठरवून स्वतंत्र झालं, आणि पुढे चीनपर्यंत गेलं. त्याच शाखेतून आलेली पहलवी अक्षरांची क्रूसचिन्हं केरळात, चेन्नईजवळ आणि गोव्यात आगशीला मिळाली आहेत. 849 चे कोल्लमचे ताम्रपट तर तिथल्या हिंदू राज्यकर्त्याने ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या चर्चला दिलेल्या सनदा आहेत. राजाश्रय म्हणायचाच, तर तो हा. आणि देणारा आपला.

एप्रिल 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू तिथल्या सुभेदाराच्या हुकमाने मारले गेले. ते तिथे उतरले होते एका स्थानिक ख्रिस्ती घरात. जॉर्डेनस नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. गलबत यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती, पण ठाण्यात दार उघडणारं घर होतं.

पोर्तुगिजांनी काय केलं, त्याची यादी मला पाठ आहे. 1560 ला गोव्यात इन्क्विझिशन बसलं ते मधला थोडा काळ सोडून 1812 पर्यंत. 1560 लाच मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला. 1567 ला सासष्टीतली देवळं पाडली. पण या यादीत आणखी एक ओळ असते, जी आमचे वक्ते कधी वाचत नाहीत. 1599 ला गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेला आणि तिथल्या हजारेक वर्षं जुन्या ख्रिस्ती समाजाची सिरियाक पुस्तकं पाखंडी म्हणून जाळायला लावली. 1653 ला त्या समाजाने क्रुसाला बांधलेल्या दोराला हात लावून शपथ घेतली की जेझुइटांचं ऐकणार नाही. त्यांच्यातल्याच एका शाखेचं धर्माराम कॉलेज 1957 पासून इथे होसूर रस्त्याला आहे, कोरमंगलाच्या शेजारी. त्यांची उपासना आजही एडेसा आणि इराणकडून आलेल्या जुन्या सिरियाक विधींवर उभी आहे. गोव्याची तलवार त्यांच्यावरही चालली. त्यांना पोर्तुगिजांच्या खात्यात टाकणं म्हणजे लुटल्या गेलेल्यालाच चोर म्हणणं.

आमच्या लोकांची चूक इथे होते. गोव्याचं सोळावं शतक डोळ्यांसमोर असतं आणि तेच उचलून रोमच्या दुसऱ्या शतकावर चिकटवलं जातं. तलवार आली, पण नंतर. आणि ती कधी आली, कुणाच्या हातात आली, हे सांगणारे कागदही शत्रूंच्याच हातचे आहेत. 380 ला सम्राट थिओडोसियसने निकियाचा पंथ सगळ्या प्रजेवर बंधनकारक केला. 385 ला ट्रियरमध्ये प्रिस्किलियन या बिशपाला ख्रिस्ती सम्राटाच्या न्यायालयाने मारलं. 391-392 ला बळी आणि देवपूजेवर बंदी आली, अलेक्झांड्रियातलं सेरापिसचं देऊळ फोडलं गेलं, 415 ला तिथेच हायपेशिया या विदुषीचा जमावाने खून केला. जुन्या देवांना मानणाऱ्या लिबेनियस या वक्त्याने देवळांच्या बाजूने थिओडोसियसलाच उद्देशून भाषण लिहिलं, त्यात काळ्या कपड्यांतले संन्यासी गावोगावची देवळं कशी लुटतात याचं वर्णन आहे. फार हृद्य आहे ते. शेतकऱ्यासाठी देऊळ म्हणजे काय, हे त्यात जसं येतं तसं क्वचितच कुठे वाचायला मिळतं.

पण माझ्या मते या बाजूचा सर्वांत चोख कागद सिम्माकसचा. 382 ला सम्राट ग्रेशियनने सेनेटमधली विजयदेवीची वेदी हलवली आणि वेस्टा देवीच्या कुमारिकांचा व जुन्या पूजाविधींचा सरकारी पैसा तोडला. 384 ला सिम्माकस रोमचा नगरप्रमुख असताना त्याने अर्ज केला. त्यात तीनशे वर्षांचा हिशेब नाही, कोळ्यांच्या कुजबुजीबद्दल टोमणे नाहीत. वेदी परत द्या, आणि मरणाऱ्याने मृत्युपत्राने कुमारिकांना दिलेल्या जमिनी खजिन्याने अडवून ठेवायचं कारण काय, हे दोन प्रश्न आहेत. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहून बजावलं की हे मान्य केलंत तर चर्चमध्ये तुमच्या नैवेद्याला जागा नसेल. अर्ज फेटाळला गेला. सम्राट व्हॅलेंटिनियन तेव्हा तेरा वर्षांचा होता. देवळांच्या पैशावरची बंदी एका बिशपाने या वयाच्या मुलाकडून कायम करून घेतली, ती येशूनंतर साडेतीनशे आणि निकियानंतर 59 वर्षांनी.